परक्यांच्या चिंध्या : कुर्त श्विटर्सविषयी

मराठी समीक्षेत ‘कोलाज’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. एखाद्या कवितेत वर्तमानपत्रातला मथळा, जाहिरातीतली ओळ आणि दोन-चार इंग्रजी शब्द शेजारीशेजारी आले, की ती कविता कोलाजसदृश ठरते. आणि कोलाजसदृश ठरली, की तिच्यातून महानगरीय जीवनाचे विखंडन प्रकट होते, हे वाक्य पाठोपाठ येतेच. उत्तरपत्रिकांमध्ये हे वाक्य आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की आता त्यावर लाल शाईही उमटत नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. ते वाक्य त्यांना आम्हीच वर्गात सांगितलेले असते.

या वाक्याविषयी आमच्या मनात शंका आली ती कुर्त श्विटर्स या जर्मन चित्रकार-कवीच्या अखेरच्या अकरा वर्षांकडे पुन्हा पाहताना. कलेतिहासाच्या पुस्तकांत श्विटर्सला जागा मिळते ती १९१९ ते १९३२ या काळासाठी. त्यापुढचा श्विटर्स, म्हणजे नॉर्वेत आणि मग इंग्लंडमध्ये निर्वासित म्हणून राहिलेला, पर्यटकांची व्यक्तिचित्रे काढून पोट भरणारा, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला प्रौढ गृहस्थ, हा बहुतेक ठिकाणी शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो. उतरता काळ, एवढीच त्याची नोंद. प्रस्तुत लेखात आम्हांला या शेवटच्या परिच्छेदाविषयीच बोलायचे आहे. तरीही सुरुवात हॅनोवरपासून करणे भाग आहे, कारण ज्या रीतीने हा मनुष्य परदेशात जगला ती रीत त्याने घरीच शिकून ठेवली होती.

श्विटर्सचा जन्म २० जून १८८७चा, हॅनोवरचा. आईवडिलांचे स्त्रियांच्या कपड्यांचे दुकान होते. पुढे ते विकून त्यांनी घरे घेतली आणि कुटुंब भाड्याच्या उत्पन्नावर सुखाने राहू लागले. म्हणजे हा मनुष्य दारिद्र्यातून आलेला नव्हता. लहानपणी त्याने हौसेने केलेली छोटीशी बाग गावातल्या मुलांनी उद्ध्वस्त केली, त्या धक्क्याने आपल्याला पहिली फेफऱ्याची झटक आली, असे त्याने स्वतःच्या चरित्रविषयक टिपणात सांगितले आहे. मानसशास्त्रीय समीक्षेला असला तपशील फार प्रिय असतो. आम्ही त्याचे ओझे फार वाढवू इच्छीत नाही. त्या आजारामुळे पहिल्या महायुद्धात तो आघाडीवर गेला नाही, एवढे मात्र खरे. ड्रेस्डेनच्या अकादमीत त्याने रीतसर चित्रकला शिकली होती. १९१७ साली थोडा काळ सैन्यात काढल्यावर त्याला हॅनोवरजवळच्या व्युल्फेलच्या लोखंड कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्याच्या कामावर धाडण्यात आले. पुढे त्याच्या चित्रांत चाके, तारा, दाते येतात त्यांचा उगम या कारखान्यात आहे.

नोव्हेंबर १९१८मध्ये युद्ध संपले, साम्राज्य कोसळले. त्या हिवाळ्यात श्विटर्स रस्त्यावरच्या वस्तू उचलून घरी आणू लागला. ट्रामची तिकिटे, नाटकगृहाच्या कपडे-सांभाळ खिडकीवरचे बिल्ले, सिगारेटची वेष्टने, तिकीट निघून गेलेली पाकिटे, लाकडाच्या ढलप्या, जाळीचे तुकडे. तैलरंग वापरायचा तसेच हे सारे वापरायचे, हा त्याचा आग्रह. १९१९च्या एका चित्रात त्याने ‘कोमेर्त्स उंड प्रिवाटबांक’ या बँकेच्या जाहिरातीचा कपटा चिकटवला आणि तो कापताना ‘कोमेर्त्स’ या शब्दातले शेवटचे ‘मेर्त्स’ एवढेच उरले. व्यापार या शब्दाचा हा उरलेला शेपटा त्याने आपल्या सगळ्या उद्योगाला नाव म्हणून घेतला: चित्रांना मेर्त्स, कवितांना मेर्त्स, १९२३ ते १९३२ या काळात काढलेल्या नियतकालिकाला मेर्त्स, आणि पुढेपुढे स्वतःलाही मेर्त्स. बर्लिनच्या दादा मंडळींनी त्याला आपल्यात घेतले नाही. त्यांना तो फार घरबशा, फार सभ्य, फार चित्रकार वाटला असावा. त्यांचे चुकले नाही असे आम्हांला वाटते. दादांना मोडायचे होते. ह्याला खिळे ठोकायचे होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी हे सांगायला हवे, की त्याची कीर्ती आधी कवी म्हणून झाली. ‘आन आना ब्लूमं’ ही त्याची १९१९ची प्रेमकविता व्याकरण, जाहिरात, बालगीत आणि उसासे यांची अशी काही मिसळ करते की ती वाचून सज्जन संतापले आणि पुस्तक खपले. त्याहून धीट प्रयोग म्हणजे ‘उर्झोनाटं’. राउल हाउसमान या मित्राच्या एका अक्षरकवितेतले निरर्थक ध्वनी घेऊन, दहा वर्षे घासूनपुसून, त्यातून त्याने चार भागांची रीतसर सोनाटा रचली आणि ती १९३२ साली ‘मेर्त्स’च्या शेवटच्या अंकात छापली. भाषेने टाकून दिलेले तेवढेच त्यात आहे. अर्थ नाही, शब्द नाहीत. उरलेल्या आवाजाची मात्र शिस्तबद्ध रचना आहे. संगीतात जसे बोल गळून गेले तरी बंदिश राहते तसे काहीसे.

आणि पोटासाठी? पोटासाठी तो जाहिराती करत होता. १९२४पासून त्याची स्वतःची जाहिरातसंस्था होती, शाई बनवणारी पेलिकान कंपनी तिच्या गिऱ्हाइकांत होती, आणि हॅनोवर नगरपालिकेच्या छापील कागदांची अक्षररचनाही काही वर्षे त्याच्याकडे होती. म्हणजे ज्या शहराची तिकिटे व पावत्या तो रस्त्यावरून उचलत होता, त्या शहराचे कागद तोच सजवत होता. आपल्याकडे अरुण कोलटकरांची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे: दिवसा जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले काम, आणि कवितेत काळ्या घोड्याच्या चौकातला केरकचरा. ही तुलना फार ताणू नये. पण शहर कागदावर काय लिहिते हे ज्याला धंद्यामुळे ठाऊक असते, त्याला शहर काय फेकते तेही लवकर दिसते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

वाल्डहाउझेनश्ट्रासंवरच्या घरात साधारण १९२३पासून तो आणखी एक गोष्ट करत होता. खोलीत एक स्तंभ उभा राहिला, त्याला फांद्या फुटल्या, भिंती पुढे आल्या, छत खाली उतरले, आणि ही प्लास्टर-लाकडाची पांढरी गुहा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पसरत गेली. हा ‘मेर्त्सबाउ’. त्याच्या आत कोनाडे होते आणि कोनाड्यांत मित्रांच्या वस्तू: केसांची बट, पेन्सिलीचा तुकडा आणि असेच काहीबाही, मागून घेतलेले किंवा नकळत उचललेले. बांधकाम पुढे सरकले की जुने कोनाडे बुजत, म्हणजे आतली वस्तू असायची, दिसायची मात्र नाही. १९३३ साली काढलेली काही छायाचित्रे एवढाच आज त्याचा खात्रीचा पुरावा आहे. हॅनोवरच्या श्प्रेंगेल संग्रहालयातली प्रतिकृती त्यांवरूनच १९८०च्या दशकात उभारली गेली.

इथपर्यंतचे सर्व ‘घरचे’ आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगताना गोधडीचा दाखला द्यावासा वाटतो आणि आम्हीही तो देत आलो आहोत. आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर, कुणाचे तरी झबले. जुने टाकवत नाही म्हणून ते जोडून उबेला घ्यायचे. हॅनोवरच्या मेर्त्सला हा दाखला बऱ्यापैकी लागू पडतो, कारण तिकीट त्याच्याच गावच्या ट्रामचे असते, पावती त्याच्याच गल्लीतल्या दुकानाची असते आणि केसांची बट मित्राची असते. चिंधी कोणाची हे ठाऊक असते. १९३७नंतर मात्र हा दाखला मोडतो.

१९३६च्या ऑगस्टमध्ये श्विटर्सचे निकटचे मित्र श्पेंगेमान पतिपत्नी आणि त्यांचा मुलगा यांना गेस्टापोने पकडले. डिसेंबरच्या अखेरीस श्विटर्सचा मुलगा एर्न्स्ट नॉर्वेला निघून गेला. खुद्द श्विटर्सलाही चौकशीचे बोलावणे होते. २ जानेवारी १९३७ रोजी तोही गेला. पत्नी हेल्मा घरे, भाडेकरू आणि म्हातारी माणसे सांभाळायला मागे राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये म्युनिकला ‘विकृत कला’ नावाचे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरले आणि त्यात श्विटर्सची चित्रे हेटाळणीसाठी टांगली गेली. ज्या चित्रातून ‘मेर्त्स’ हा शब्द जन्मला तेही त्यात होते. ते पुन्हा कधी सापडले नाही.

लंडनच्या टेट संग्रहालयात त्याचे एक चित्र आहे, त्याच्यापाशी आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. त्याला दोन नावे आहेत आणि दोन साले आहेत. नावांचा अर्थ साधारण असा: ‘अवकाशातल्या वाढींचे चित्र’ आणि ‘दोन लहान कुत्र्यांसह चित्र’. साले १९२० व १९३९. हे चित्र प्रथम जर्मनीत पूर्ण झाले, जर्मन कपट्यांचे. मग ते नॉर्वेला आले. तिथे श्विटर्सने त्याच्यावर पुन्हा काम केले: नॉर्वेजियन तिकिटे, पावत्या, वर्तमानपत्राचे तुकडे, लेस, आणि एका खोबणीत चिनी मातीची दोन इवलीशी कुत्री. खालचा जर्मन थर सगळा झाकलेला नाही. कुठे एखादा जुना शब्द फटीतून डोकावतो, कुठे फक्त उंचवटा जाणवतो.

एरवी कोलाज म्हणजे एका क्षणाचा छेद. इथे तसे नाही. इथे एकोणीस वर्षांचे अंतर एका चौकटीत आहे आणि ते अंतर म्हणजे एक देश सोडून दुसऱ्यात येणे. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांत समासात वेगळ्या हाताने, वेगळ्या शाईने लिहिलेले असते. त्या दोन हातांमधला काळ अभ्यासक मोजतात. या चित्रात दोन्ही हात एकाचेच आहेत, शाई मात्र वेगळ्या देशाची. निर्वासित माणसाने आपले जुने सामान नव्या गावच्या सामानाने डागडुजी करून वापरावे, त्यात काव्य कमी आणि व्यवहार अधिक असतो. या चित्रातले आम्हांला मोलाचे वाटते ते हेच. विखंडन हा शब्द इथे पोकळ ठरतो. फुटलेल्याची चाललेली दुरुस्ती आपण पाहत असतो.

ऑस्लोजवळ लिसाकेर इथे त्याने दुसरा मेर्त्सबाउ सुरू केला. हेल्मा अधूनमधून येऊन राहत असे. जून १९३९मध्ये ऑस्लोत भेट झाली ती शेवटची. एप्रिल १९४०मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत उतरले. बाप, मुलगा आणि सून उत्तरेकडे पळत सुटले आणि जूनमध्ये ‘फ्रिट्योफ नान्सेन’ या बर्फफोड्या जहाजातून स्कॉटलंडला पोचले. तिथे त्यांना अटक झाली, कारण ते जर्मन होते. नाझींनी हाकललेला, आणि नाझींच्या देशाचा म्हणून पकडलेला: १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये अशी हजारो माणसे होती. तोच कायदा आणि तोच संशय आपल्याकडेही पोचला होता. तेव्हाचे अहमदनगर, देवळाली, पुरंदर इथल्या छावण्यांत जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक डांबले गेले होते. याच सुमारास मुंबईत मात्र रुडी फॉन लेडन, वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारखी त्याच मुलखातून आलेली मंडळी तरुण चित्रकारांना दिशा देत होती आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. निर्वासिताचे नशीब तो कोणत्या बंदराला लागतो यावर किती ठरते हे पाहिले म्हणजे चकित व्हायला होते. असो.

१७ जुलै १९४० रोजी श्विटर्सला आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लस गावातल्या हचिन्सन छावणीत आणले. समुद्रकाठची भाड्याने दिली जाणारी घरे, त्यांभोवती काटेरी तार. ही छावणी प्राध्यापक, वकील, संगीतकार आणि चित्रकारांनी भरलेली होती. सप्टेंबरमध्ये तिथे चक्क कलाप्रदर्शन भरले. श्विटर्सच्या माळ्यावरच्या खोलीविषयी सोबतच्या बंदिवानांनी पुढे लिहून ठेवले आहे. फ्रेड उल्मान हा त्यांतला एक, पेशाने वकील आणि हौसेने चित्रकार. प्लास्टर मिळत नव्हते, म्हणून श्विटर्स न्याहारीला उरलेली ओट्सची लापशी घरोघर फिरून गोळा करी आणि तिच्यापासून शिल्पे करी. लापशी वाळली की तिच्यावर बुरशी धरे, हिरवट-निळसर रंग चढे, वास सुटे. जमिनीवरचे लिनोलियम उचकटून तो त्यावर चित्रे काढी, चहाच्या खोक्यांच्या फळ्या वापरी. पलंगाखाली झोपे. रात्री कुत्र्यासारखा भुंके, आणि समोरच्या घरातला कुणी वयस्क बंदिवान त्याला भुंकून उत्तर देई.

या आठवणी गमतीच्या म्हणून सांगितल्या जातात आणि त्या गमतीच्या आहेतही. पण लापशीची शिल्पे टिकली नाहीत हे सांगून लेखक पुढे जातात, तिथे आम्हांला थांबावेसे वाटते. १९१९ साली ट्रामचे तिकीट उचलणारा श्विटर्स खात्यापित्या घरचा होता. रंग विकत घेण्याची ऐपत असताना त्याने कचरा निवडला होता. १९४०मध्ये निवड उरली नव्हती. जी गोष्ट आधी सौंदर्यविचार होती ती आता गरज झाली, आणि तरीही रीत तीच राहिली. याचा अर्थ काय लावायचा? एक अर्थ असा, की परिस्थितीने त्याच्या सिद्धान्ताला गाठले. दुसरा असा, की माणसाला हातात असेल त्यातून काही करता येते हे त्याने वीस वर्षे आधी घोकून ठेवले होते, म्हणून तो तरला. आम्हांला दुसरा अर्थ पटतो. पहिला नुसताच चमकदार आहे. मात्र एक सांगितले पाहिजे. त्याच छावणीत त्याने सोबतच्या बंदिवानांची, कधी अधिकाऱ्यांची, अगदी रूढ पद्धतीची व्यक्तिचित्रेही काढली आणि त्यांचे पैसे घेतले. या चित्रांची त्याला लाज नव्हती. ती लाज समीक्षकांना वाटते.

२१ नोव्हेंबर १९४१ला सुटका झाली आणि तो लंडनला गेला, पॅडिंग्टनमधल्या एका घराच्या माळ्यावर. त्याच घरात एडिथ टॉमस नावाची तरुणी राहत होती. चहा हवा का, हे विचारायला ती ‘वॉन्ट टी?’ म्हणे, म्हणून श्विटर्सने तिचे नाव ‘वॉन्टी’ ठेवले आणि ते अखेरपर्यंत राहिले. ‘कोमेर्त्स’मधून ‘मेर्त्स’ काढणाऱ्याने इंग्रजीतून काढलेला हा कपटा. जर्मनमध्ये त्याने बँकेचे नाव तोडले होते. इंग्रजीत त्याच्या हाती लागले ते जिन्यावरचे एक आपुलकीचे वाक्य.

आता तो लंडनच्या रस्त्यावर वाकून काय उचलत होता? बसची तिकिटे, पाकिटे, वेष्टने. युद्धामुळे कागद दुर्मीळ होता, रद्दी गोळा करण्याच्या सरकारी मोहिमा चालू होत्या. तेव्हा कागद वेचणे हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडून नागरिक-कर्तव्य घडत होते, जरी तो नागरिक नव्हता. १९४३चे एक कोलाज ‘क्वालिटी स्ट्रीट’ या नावाने ओळखले जाते, कारण त्यात त्या टॉफीचे वेष्टन आहे. गोड पदार्थांवर १९४२च्या जुलैपासून ब्रिटनमध्ये रेशन होते. म्हणजे हे वेष्टन मोजून मिळालेल्या टॉफीचे. शिवाय या टॉफीचे नाव आले आहे ते जे. एम. बॅरीच्या १९०१ सालच्या ‘क्वालिटी स्ट्रीट’ या नाटकावरून. एका इंग्रजी नाटकाचे नाव टॉफीला मिळाले, टॉफीचे वेष्टन गटारापाशी आले आणि तिथून ते एका जर्मनाच्या चौकटीत गेले. श्विटर्सला हे नाटक ठाऊक असण्याचे कारण नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. नव्या देशात माणूस असाच वाचत जातो: आधी वेष्टने, पाट्या, तिकिटे, पुस्तके फार नंतर.

गोधडीचा दाखला इथे मोडतो असे आम्ही वर म्हटले ते यासाठी. या चिंध्या परक्यांच्या आहेत. ते लुगडे कोणाचे हे माहीत नाही, विचारण्याइतकी ओळखही नाही. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे की हॅनोवरच्या कोलाजांत शब्द पुष्कळदा मध्येच तुटतात, फुटतात, तिरके होतात. इंग्लंडच्या कोलाजांत ते बरेचदा अख्खे राहतात, वाचता येतात. हा नियम नव्हे, उलट उदाहरणे सापडतील. तरी तर्क करावासा वाटतो, की आपली भाषा मोडायला माणूस भीत नाही, कारण ती मोडली तरी आपलीच राहते. परकी भाषा मात्र जपून उचलावी लागते.

मागे हॅनोवरमध्ये काय चालले होते? १९४३च्या ऑक्टोबरातल्या बॉम्बवर्षावात वाल्डहाउझेनश्ट्रासंवरचे घर आणि त्यातला मेर्त्सबाउ भस्म झाला. १९४४च्या एप्रिलमध्ये श्विटर्सला अर्धांगाचा झटका आला, त्यातून तो उठला. २९ ऑक्टोबर १९४४ रोजी हेल्मा कर्करोगाने वारली. ही बातमी त्याला कळली डिसेंबरात. त्याच डिसेंबरात लंडनच्या मॉडर्न आर्ट गॅलरीत त्याचे एकट्याचे प्रदर्शन भरले होते. हर्बर्ट रीडने, म्हणजे ज्याची पुस्तके आपल्याकडे सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासक्रमांत मानाने वाचली गेली त्या रीडने, कॅटलॉगला प्रस्तावना लिहिली होती. चाळीस कृती मांडल्या होत्या. एक विकली गेली.

हेल्माविषयी आमच्या मनात एक सल आहे. वीस वर्षे तिने ते चमत्कारिक घर चालवले, हिशेब पाहिले, पुढे नॉर्वेला ये-जा केली, आणि कलेतिहासात ती ‘मागे राहिलेली पत्नी’ एवढीच उरली. वस्तूंचे मोल ओळखणाऱ्या माणसाच्या चरित्रात असे कुणीतरी टाकून दिलेले राहतेच. श्विटर्सने तिला टाकले असे आम्ही म्हणत नाही. त्याची पत्रे आणि परिस्थिती तसे म्हणू देत नाही. टाकले आहे ते त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी.

जून १९४५मध्ये तो वॉन्टीसह लेक डिस्ट्रिक्टमधल्या अ‍ॅम्बलसाइडला राहायला गेला. वर्ड्‌स्वर्थचा मुलूख. गावकऱ्यांची आणि पर्यटकांची चित्रे काढायची, डोंगर-तळी रंगवायची, आणि उरलेल्या वेळात कोलाज. अमेरिकेत स्थायिक झालेली जुनी हॅनोवरची मैत्रीण काटं श्टाइनित्स त्याला पत्रांबरोबर चित्रमालिकांची रंगीत पाने पाठवी. १९४७ साली त्याने त्यांतून ‘फॉर केट’ हे कोलाज केले आणि तिलाच भेट दिले. पुढे पॉप आर्टचे अभ्यासक या कोलाजाकडे पूर्वज म्हणून बोट दाखवू लागले. आम्हांला ते आधी पत्र वाटते. समुद्रापलीकडून आलेल्या कागदांची पोच समुद्रापलीकडे पाठवलेली, दोन निर्वासितांमधली. त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनला त्याने ‘उर्झोनाटं’ म्हटली. बीबीसीची माणसे ध्वनिमुद्रणाच्या विचाराने आली होती, ती मध्येच उठून गेली असे सांगतात.

१९४७च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडून एक हजार डॉलरची मदत मंजूर झाली. मूळ कल्पना जुन्या मेर्त्सबाउच्या दुरुस्तीची होती. पण हॅनोवरला दुरुस्त करण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा एल्टरवॉटरजवळ हॅरी पिअर्स या उद्यानकाराच्या जागेतले एक दगडी कोठार घेऊन श्विटर्सने तिसऱ्यांदा सुरुवात केली. ही जागा पूर्वी बंदुकीच्या दारूच्या कारखान्याची. प्रकृती ढासळलेली, कोठार थंड आणि ओलसर. गिलाव्यात त्याने डहाळ्या बसवल्या, ओढ्यातले दगड बसवले, सोनेरी चौकटीचा तुकडा, मुलाच्या खेळातल्या झारीचे तोंड. चारांपैकी एकच भिंत काहीशी आकाराला आली. ही भिंत पाहताना (आम्ही ती छायाचित्रांतूनच पाहिली आहे) तिच्यात छापील कागद जवळजवळ नाही हे चटकन ध्यानात येते. तिकिटे, वेष्टने, मथळे सगळे मागे पडले. शहर संपले आणि त्याबरोबर वाचायचेही संपले. उरले ते माती, लाकूड, दगड, आणि अधेमध्ये एखादी घरगुती मोडकी वस्तू. ‘विकासक्रमा’च्या भाषेत हे कुठे बसवावे ते आम्हांला ठरवता आलेले नाही. लहानपणीच्या बागेची आठवण इथे होतेच, वर आम्ही कितीही टाळली असली तरी.

७ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचे पत्र आले. ८ जानेवारीला श्विटर्स केंडलच्या रुग्णालयात वारला. अ‍ॅम्बलसाइडच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्याला पुरले. तिथे १९६६पर्यंत साधा दगडही नव्हता. लिसाकेरचा मेर्त्सबाउ १९५१ साली आगीत गेला. कोठारातली भिंत १९६५मध्ये आख्खी उचलून न्यूकॅसल विद्यापीठाच्या हॅटन गॅलरीत नेण्यात आली, त्यात चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनचा मोठा हात होता. म्हणजे तीन बांधकामांपैकी टिकली ती एवढी एक भिंत, आणि तीही तिच्या जागेवर नाही. १९७० साली श्विटर्सचे अवशेष उकरून हॅनोवरच्या एंगेझोडं दफनभूमीत नेले गेले. अ‍ॅम्बलसाइडचा दगड मात्र काढला नाही. तो तिथेच आहे, त्याच्यावर नाव आहे आणि ‘मेर्त्सचा निर्माता’ असे लिहिलेले आहे.